सत्र संपण्याआधी आपले अंतर्गत गुण कसे तपासून घ्यावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव तालुक्यातून रोज एस.टी.ने सांगलीला येणारी बी.कॉम. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी लिहिते की, मागच्या सत्राच्या निकालात तिला एका विषयाच्या अंतर्गत गुणांच्या रकान्यात ‘अनुपस्थित’ असा शेरा मिळाला. प्रत्यक्षात तिने चाचणी दिली होती आणि गृहपाठही मुदतीत दिला होता. आता चालू सत्र संपायला तीन आठवडे उरले आहेत. या वेळी गुण आधीच बघता येतील का, विचारले तर सर रागावतील का, लेखी परीक्षेत किती गुण पडले म्हणजे श्रेणी टिकेल याचा हिशेब कसा करावा, आणि मागच्या सत्राचे काय करावे, असे तिचे चार प्रश्न आहेत.

गुण आधी बघता येतात आणि ते बघावेत. त्यासाठी कोणाच्या मेहेरबानीची गरज नाही. मात्र ते बघण्याचा काळ फार थोडा असतो, आणि तो कधी सुरू होतो व कधी संपतो हे विद्यार्थ्यांना सहसा कोणी सांगत नाही. सांगली जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयात मी 27 वर्षे वाणिज्य शाखेला शिकवले आणि त्यांपैकी 11 वर्षे अंतर्गत मूल्यमापनाचे काम माझ्याकडे होते. निकालपत्रावरचा ‘अनुपस्थित’ हा शेरा दाखवायला आलेली मुले त्या काळात मी दर सत्राला पाहिली आणि त्यांतली खरोखर अनुपस्थित राहिलेली फार थोडी होती.

अंतर्गत गुणांचा प्रवास समजला की चूक कुठे होते हे कळते. चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या की शिक्षक ते गुण आपल्या वहीत मांडतात. गृहपाठ, सेमिनार, तोंडी परीक्षा यांचे गुण त्याच्या शेजारी येतात. सत्राच्या शेवटी या सगळ्यांची बेरीज करून, ती ठरलेल्या प्रमाणात 10 पैकी किंवा 20 पैकी आणून गुणतक्ता तयार होतो आणि त्यावर विभागप्रमुखांची सही होते. मग तो तक्ता समोर ठेवून कोणीतरी, बहुतेक वेळा तेच शिक्षक, पण घाईच्या दिवसांत कार्यालयातील लिपिक किंवा तासिका तत्त्वावर नेमलेले एखादे नवे सहकारी, पोर्टलवर एकेका नावासमोर आकडा भरतात. म्हणजे एकच आकडा उत्तरपत्रिकेवरून वहीत, वहीतून तक्त्यात आणि तक्त्यावरून संगणकात असा तीनदा उतरवला जातो. शिक्षकांनी हात आखडता घेतल्यामुळे झालेले नुकसान मी क्वचित पाहिले, पण उतरवताना झालेले नुकसान मात्र नेहमीचे. एखाद्या विद्यार्थ्याचे गुण ऐन वेळी सापडले नाहीत तर ‘सध्या अनुपस्थित टाका, नंतर बघू’ असे म्हटले जाते आणि ते ‘नंतर’ कधी येत नाही. तुमच्या बाबतीत बहुधा हेच झाले असावे.

भरलेले गुण पडताळून एकदा अंतिम केले की पोर्टलवर ते लॉक होतात. 1962 मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाकडे कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालये आहेत. त्या सगळ्यांसाठी गुण भरण्याची मुदत एका परिपत्रकाने ठरते, त्यामुळे एका वर्गासाठी किंवा एका मुलीसाठी ती सहजासहजी पुन्हा उघडली जात नाही. लॉक होण्यापूर्वी जी दुरुस्ती शिक्षक दोन मिनिटांत करू शकतात, तिच्यासाठी लॉक झाल्यानंतर प्राचार्यांच्या सहीचे पत्र, मूळ गुणतक्त्याची प्रत, चूक कशी झाली याचा खुलासा आणि काही वेळा दंड इतके सगळे लागते. खुलासा लिहून देणे म्हणजे आपली चूक लेखी कबूल करणे असते. त्यामुळे एरवी भली असलेली माणसेही त्या टप्प्यावर टाळाटाळ करू लागतात, हे मी आतल्या बाजूने पाहिलेले आहे. परीक्षेच्या वेळापत्रकाचे परिपत्रक मुलांच्या मोबाईलवर तासाभरात फिरते, पण अंतर्गत गुण भरण्याच्या मुदतीचे परिपत्रक त्यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून पहिले काम हे करा की, महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात जाऊन ‘आमच्या वर्गाचे अंतर्गत गुण भरण्याची शेवटची तारीख कोणती?’ एवढेच विचारा. त्या तारखेच्या आधीचे आठ दिवस तुमचे आहेत. साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठातील किंवा एखाद्या स्वायत्त महाविद्यालयातील कोणी हे वाचत असेल तर त्यांच्या तारखा त्यांच्याच परीक्षा नियंत्रकांच्या कार्यालयातून ठरतात. बाकी रीत तीच आहे.

सर रागावतील का, याचे खरे उत्तर तुम्ही काय विचारता यावर अवलंबून आहे. ‘सर, माझे गुण वाढवा ना’ म्हणत आलेल्या मुलाला मीही दारातूनच परत पाठवत असे. ‘सर, माझी चाचणी आणि गृहपाठ दोन्ही नोंदले गेले आहेत का, एवढे बघायचे होते’ असे म्हणणाऱ्याला वही उघडून दाखवायला मला कधी जड गेले नाही. उलट माझी एखादी चूक वेळेत सापडली तर मलाच ती हवी होती. वेळ मात्र बघून जा. तास सुटल्यावर जिन्यात गाठून विचारले तर हातात वही नसते आणि उत्तर ‘असतील असतील’ असे मिळते, त्याला काही अर्थ नाही. शिक्षककक्षात, दुपारच्या मोकळ्या तासाला, आधी सांगून जावे. वर्गातल्या पाच-सहा जणींनी मिळून गेले तर अधिक बरे, कारण मग वही एकदाच काढावी लागते आणि एकटीवर नजरही येत नाही.

वही उघडली की आधी गुण बघू नका. आधी नाव, हजेरी क्रमांक आणि कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे आपण ज्याला पीआरएन म्हणतो तो, आपलाच आहे का ते बघा. आपल्या भागात एकाच वर्गात नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव तिन्ही सारखी असलेल्या दोन मुली सापडणे मुळीच नवलाचे नाही. त्यानंतर विषयाचा सांकेतिक क्रमांक बघा, विशेषतः ज्यांनी जुलैमध्ये ऐच्छिक विषय बदलून घेतला असेल त्यांनी. वर्गात ते नव्या विषयाला बसतात, चाचणीही नव्याच विषयाची देतात, पण परीक्षा अर्जावर आणि पोर्टलवर जुनाच विषय राहून जातो. मग नव्या विषयाच्या शिक्षकांना पोर्टलवर नाव दिसत नाही आणि जुन्या विषयाचे शिक्षक प्रामाणिकपणे ‘अनुपस्थित’ भरतात. इथे दोघांपैकी कोणाचीच चूक नसते आणि नुकसान पूर्ण होते.

एका वर्षी माझ्याच हातून काय झाले ते सांगतो. द्वितीय वर्षाच्या आमच्या वहीत 63 नावे होती. 41 क्रमांकाच्या मुलाने प्रवेश रद्द करून दुसरीकडे घेतला, त्यामुळे पोर्टलवर 62 नावे राहिली. वहीत मात्र 41 ची ओळ तशीच होती, फक्त गुणांच्या जागी आडवी रेघ. भरणाऱ्याने आकडे वरून खाली ओळीने उतरवले. त्यामुळे रद्द झालेल्या मुलाची रेघ 42 क्रमांकाच्या मुलीच्या नावावर गेली, 42 चे गुण 43 ला मिळाले, आणि असे करत 63 पर्यंत 22 जणांचे गुण एकेक ओळ सरकले. छापील प्रतीवर पडताळणीची सही माझी होती. वरची दहा नावे बरोबर जुळली म्हणून मी पुढे नीट बघितले नव्हते. लॉक व्हायला दोन दिवस होते तेव्हा ती 42 क्रमांकाची मुलगी आली. एरवी वर्गात तोंडही न उघडणारी. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून तपासलेली उत्तरपत्रिका काढली, तीवर लाल शाईत 20 पैकी 17 आणि खाली माझी सही होती, आणि म्हणाली, ‘सर, शून्य पडलं असतं तरी चाललं असतं, पण गैरहजर कशी? त्या दिवशी खडू मीच आणून दिलेला की.’ तिच्यामुळे 22 जणांचे गुण जागेवर आले. त्यांतल्या काहींना सरकलेल्या ओळीमुळे दोन-तीन गुण जास्त मिळाले होते. ते कोणी विचारायला आले नव्हते, हेही नोंदवून ठेवतो. त्या सत्रापासून मी पडताळताना वरची दहा नावे बघायचे सोडले आणि शेवटची दहा बघू लागलो, कारण ओळ सरकली असेल तर ती शेवटी हटकून कळते.

ओळख जुळल्यावर मग घटक बघा. तुमच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत सुरुवातीच्या पानांवर अंतर्गत गुणांची विभागणी दिलेली असते. चाचणीला किती, गृहपाठाला किती, हजेरी किंवा सेमिनारला किती, दोन चाचण्या झाल्या असतील तर सरासरी धरायची की जास्त गुणांची एकच धरायची, हे तिथे पाहून जा. हा शेवटचा मुद्दा लहान वाटतो पण नाही. समजा पहिल्या चाचणीत 20 पैकी 11 आणि दुसऱ्या चाचणीत 16 पडले आणि चाचणीला 10 पैकी 5 गुणांचा वाटा आहे. सरासरी धरली तर 13.5 चे रूपांतर 3.375 होते आणि जास्तीची चाचणी धरली तर 4. पूर्णांक करण्याची रीतही अशीच बघण्यासारखी असते. चाचणीचे 3.4, गृहपाठाचे 2.4 आणि सेमिनारचे 1.4 अशी एखाद्याची नोंद असेल आणि प्रत्येक आकडा वेगळा पूर्णांकात आणला तर 3, 2 आणि 1 मिळून 6 होतात. आधी बेरीज करून मग पूर्णांक केला तर 7.2 चे 7. पूर्णांक शेवटी एकदाच करावा असे मी सहकाऱ्यांना सांगत असे. ते सगळे ऐकत होते असे नाही, पण विचारल्यावर मात्र सगळ्यांनी दुरुस्त करून दिले.

हजेरीबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी रोज गावाहून येणाऱ्यांनी तिकडे आधी बघावे. अनेक ठिकाणी 75 टक्के हजेरीची अट असते आणि काही विषयांत हजेरीला गुणही असतात. सत्रात एका विषयाचे 48 तास झाले असे धरा. म्हणजे 36 तासांची हजेरी हवी. तुम्ही खरोखर 4 तास चुकवले, पण सकाळची गाडी उशिरा आल्यामुळे 9 वेळा पहिल्या तासाला दहा-पंधरा मिनिटे उशिरा पोचलात आणि हजेरी तासाच्या सुरुवातीलाच घेतली गेली, तर वहीत 13 गैरहजेऱ्या लागतात आणि हजेरी 35 वर येते, म्हणजे अटीच्या खाली. 44 तास वर्गात बसलेली मुलगी कागदावर अपात्र ठरते. यावर सत्राच्या शेवटी उपाय जवळपास नसतो, कारण दोन महिन्यांपूर्वी कोण किती वाजता आले हे कोणालाच आठवत नाही. उशिरा आलेल्या दिवशीच तास संपल्यावर शिक्षकांना सांगून हजेरी लावून घ्यावी. त्यांनी लावली नाही तरी तारीख आपल्या वहीत लिहून ठेवावी. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, एन.सी.सी. किंवा क्रीडास्पर्धा यांसाठी गेलेल्यांचे पत्र कार्यालयाच्या फायलीत जाते आणि विषयशिक्षकांना त्याचा पत्ताही नसतो, म्हणून त्या पत्राची एकेक प्रत प्रत्येक शिक्षकाला स्वतः नेऊन द्यावी. ऑक्टोबरमध्ये घरच्या द्राक्षबागेची छाटणी आहे म्हणून आठ-आठ दिवस न येणारी मुले मला चांगली ठाऊक आहेत. त्यांची अडचण खरी असते, पण तिच्यासाठी नियमात जागा नाही. एवढेच करता येते की, चाचणीची तारीख आधी विचारून घ्यावी आणि त्या दिवशी तरी यावे.

पुराव्यांचे महत्त्व आम्हाला नदीने शिकवले. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले. 2019 मध्ये माझ्या एका सहकाऱ्याच्या तळमजल्यावरच्या घरात कपाट पाण्याखाली गेले आणि त्यातील गुणांच्या वहीचा अक्षरशः लगदा झाला. मुलांचे गृहपाठही त्यातच होते. ज्या मुलांनी गृहपाठ देण्यापूर्वी सहज म्हणून मोबाईलवर पानांचे फोटो काढले होते, त्यांच्या फोटोंवरून निम्मी वही पुन्हा उभी राहिली. उरलेल्यांची चाचणी नव्याने घ्यावी लागली. तेव्हापासून मी मुलांना सांगतो की, गृहपाठ देण्यापूर्वी पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो काढा, तपासलेली उत्तरपत्रिका हातात मिळाली की गुण आणि सही दिसेल असा फोटो काढा, आणि वहीच्या शेवटच्या पानावर विषय, दिलेल्या कामाचे नाव, दिल्याची तारीख, पैकी गुण आणि मिळालेले गुण असे पाच रकाने आखून ठेवा. हे पान घेऊन शिक्षकांकडे गेलात तर पडताळणी पाच मिनिटांत उरकते.

आता हिशेब. तुम्ही कळवल्याप्रमाणे तुमची विषयपत्रिका 50 गुणांची आहे, 40 लेखी आणि 10 अंतर्गत. उत्तीर्ण होण्यासाठी 40 टक्क्यांची आणि दोन्ही भागांत स्वतंत्र उत्तीर्ण होण्याची अट असेल तर लेखीत 16 आणि अंतर्गतमध्ये 4 लागतात. मग अंतर्गतचा एक ‘अनुपस्थित’ लेखीच्या 35 गुणांनाही पुरून उरतो, म्हणून आधी ही अट तुमच्या नियमावलीत आहे का ते पाहा. श्रेणीसाठी हिशेब सोपा आहे. ज्या श्रेणीची खालची मर्यादा गाठायची आहे, तिच्या एकूण गुणांतून अंतर्गत गुण वजा करा, उरले तितके लेखीत हवेत. मर्यादा 60 टक्के, म्हणजे 30 गुण, असेल आणि अंतर्गत 7 असतील तर लेखीत 23 लागतील. अंतर्गतचे गुण नोंदलेच गेले नाहीत तर तेच 30 गुण 40 पैकी आणावे लागतील. 23 म्हणजे साडेसत्तावन्न टक्के आणि 30 म्हणजे 75 टक्के. वाणिज्यच्या विद्यार्थिनीला या दोन पेपरांतला फरक समजावून सांगायला नको.

सत्राची सरासरी, म्हणजे एसजीपीए, काढताना मात्र बहुतेक मुले चुकतात, कारण ती सगळ्या विषयांच्या श्रेणीगुणांची साधी सरासरी काढतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने सुचवलेल्या दहा गुणी पद्धतीत ‘ओ’ ला 10, ‘ए प्लस’ ला 9, ‘ए’ ला 8, ‘बी प्लस’ ला 7, ‘बी’ ला 6, ‘सी’ ला 5, ‘पी’ ला 4 आणि ‘एफ’ किंवा अनुपस्थितीला 0 असे श्रेणीगुण असतात, आणि प्रत्येकाला त्या विषयाच्या श्रेयांकांनी, म्हणजे क्रेडिट्सनी, गुणून, बेरजेला एकूण श्रेयांकांनी भागायचे असते. 22 श्रेयांकांचे एक सत्र घ्या. चार श्रेयांकांच्या तीन विषयांत 8, 7 आणि 6, आणि दोन श्रेयांकांच्या पाच विषयांत 9, 8, 7, 5 आणि 8 असे श्रेणीगुण आहेत. पहिल्या तिघांचे 32, 28 आणि 24 मिळून 84, उरलेल्यांचे 18, 16, 14, 10 आणि 16 मिळून 74, एकूण 158. त्याला 22 ने भागले की 7.18. साधी सरासरी काढली असती तर 7.25 आली असती, ती चूक. आता यात चार श्रेयांकांचा विषय 6 वरून 7 वर गेला तर सरासरी 7.36 होते. दोन श्रेयांकांचा विषय 5 वरून 6 वर गेला तर 7.27. म्हणून गुण तपासायला वेळ कमी असेल तर आधी चार श्रेयांकांचे विषय बघा, आणि त्यांतही जिथे तुम्ही एखाद्या श्रेणीच्या काठावर आहात तो विषय सर्वांत आधी. अपवाद एकच. दोन श्रेयांकांच्या विषयात ‘एफ’ येण्याची भीती असेल तर तो आधी, कारण वरच्या उदाहरणात त्या 5 च्या जागी 0 आला की सरासरी 6.73 वर घसरतेच, शिवाय विषय डोक्यावर राहतो तो वेगळाच.

‘स्वयं’सारख्या ऑनलाइन शिक्षणाच्या शासकीय मंचावरून एखादा अभ्यासक्रम करून त्याचे श्रेयांक घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की, तिथले गुण आपोआप महाविद्यालयाच्या तक्त्यात येत नाहीत. प्रमाणपत्र जोडून श्रेयांक वर्ग करण्याचा अर्ज स्वतः द्यावा लागतो. शैक्षणिक श्रेयांक बँकेतील, म्हणजे एबीसीमधील, आपले नाव आणि जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळते का, तेही याच आठवड्यात डिजिलॉकर उघडून बघून घ्या. लग्नानंतर आधारवर नाव बदललेल्या मुलींचे श्रेयांक इथेच अडकतात.

शिक्षकांनी वही दाखवली नाही तर काय? आधी विभागप्रमुखांकडे जा, तोंडी. तिथेही काम झाले नाही तर प्राचार्यांच्या नावे एक परिच्छेदाचा अर्ज द्या. त्यात कोणावर आरोप नको. विषय, चाचणीची तारीख, गृहपाठ दिल्याची तारीख, आणि ‘माझे अंतर्गत गुण पोर्टलवर अंतिम करण्यापूर्वी मला दाखवावेत’ एवढी एक विनंती असावी. त्याच्या पुढची पायरी म्हणजे विद्यार्थी तक्रार निवारण समिती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार महाविद्यालयांत ही समिती असावी लागते, मूल्यमापनातील अपारदर्शकता हा तिच्या कक्षेतला विषय आहे, आणि तिने 15 कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. माझ्या 11 वर्षांत समितीपर्यंत गेलेली प्रकरणे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. बाकी सगळी वहीशीच मिटली. त्यामुळे समितीचे नाव पहिल्याच भेटीत काढू नका. सरळ काम वाकडे होते.

मागच्या सत्राचे काम वेगळे आहे आणि ते या आठवड्यातच सुरू करा. त्या विषयाच्या शिक्षकांकडे जाऊन मूळ गुणतक्ता बघण्याची विनंती करा. तुमचे गुण तक्त्यात असतील आणि पोर्टलवर नसतील तर चूक उतरवतानाची आहे आणि महाविद्यालयाने विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला दुरुस्तीपत्र पाठवले की ती सुधारता येते. गुण तक्त्यातच नसतील तर तुमची तपासलेली उत्तरपत्रिका किंवा तिचा फोटो लागेल. तोही नसेल तर चाचणीच्या दिवसाचा हजेरीपट आणि स्वाक्षरीपत्रक मागा. चाचणीला सही घेतली असेल तर ‘अनुपस्थित’ हा शेरा तिथेच खोटा ठरतो. कोणी काही दाखवायला तयार नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे: 10 रुपये शुल्क, उत्तराची मुदत 30 दिवस. आपली स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका परीक्षार्थीला या कायद्याखाली बघता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 9 ऑगस्ट 2011 रोजी दिलेला आहे. मात्र जुन्या उत्तरपत्रिका ठराविक मुदतीनंतर नष्ट केल्या जातात, त्यामुळे दिवाळीनंतर बघू असे म्हणू नका.

ही दुरुस्ती चालू असताना त्या विषयाचा पुनर्परीक्षार्थी म्हणून परीक्षा अर्ज भरण्याची मुदत आली तर अर्ज भरून टाका. दुरुस्ती होणारच आहे म्हणून अर्ज न भरलेला एक मुलगा मला आठवतो. त्याचे दुरुस्तीपत्र कोल्हापूरला पोचले तेव्हा परीक्षा होऊन गेली होती आणि पत्रात एका अंकाची चूक निघाल्यामुळे ते परत आले. भरलेले शुल्क वाया गेले तरी चालेल. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, 2016 प्रमाणे परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत, आणि फार तर 45 दिवसांत, निकाल लावायचा असतो. म्हणजे या सत्राचा निकाल लागेपर्यंत मागच्या सत्राची दुरुस्ती गुणपत्रिकेवर दिसायला हवी, असे गणित धरून मधल्या काळात दोनदा तरी परीक्षा विभागात चौकशी करा. अर्ज दोन प्रतींत लिहा, त्यावर पीआरएन, बैठक क्रमांक, विषयाचा सांकेतिक क्रमांक आणि सत्र हे चारही घाला, सोबत निकालाची प्रत जोडा, आणि आवक क्रमांक, तारीख व शिक्का तुमच्या प्रतीवर पडेपर्यंत खिडकीपासून हलू नका. शिक्का मारणारे जेवायला गेले असतील तर बाकावर बसून राहा. तासगावची पुढची गाडी अर्ध्या तासाने मिळेल.